पिठीची खाज: जून २०२४ ते जुलै २०२५ च्या नोंदी

पिठी आमची शिह त्झू कुत्री. वय साडेतीन वर्षं, वजन ६.२ किलो, घर डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर. मेच्या शेवटी तिला खाज सुटली आणि वर्षभर आमच्या घराचं वेळापत्रक त्या खाजेनेच ठरवलं. ज्यांच्या घरात असंच एक छोटं कुत्रं रात्र रात्र स्वतःला ओरबाडत असेल, त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवते आहे, चुकांसकट. औषधं आणि मात्रा पिठीच्या आहेत. तुमच्या कुत्र्याचं वजन, वय आणि बाकीचे आजार वेगळे असणार, तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय यातलं काही देऊ नका.

११ जून २०२४

रात्री दोनला पुन्हा जाग आली. पिठीच्या पट्ट्याला घुंगरू आहे, ती खाजवायला लागली की ते वाजतं. काल रात्री बारा ते पाचमध्ये निदान पंधरा वेळा तरी वाजलं. पुढचे पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झालेत. काखेत आणि पोटावर लाली आहे, शेपटीच्या मुळाशी दोन खपल्या.

आजपासून दोन गोष्टी रोज करणार. रात्री नऊला दहा मिनिटं फक्त तिच्याकडे बघत बसायचं आणि ती किती वेळा खाजवते, चाटते, चावते ते मोजायचं. त्यावरून दिवसाला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे खाणं-खेळणं सोडून खाजवणं. आजचा आकडा ८.

१४ जून

तीन दिवस कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली. फरक शून्य. लांब केस आणि पावसाळी हवा, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत आतून ओलीच राहिली, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

साबण मुलीचा लहानपणचा वापरला. बाळांसाठी म्हणजे सौम्य, असा माझा समज. पण कुत्र्याच्या कातडीची आम्लता माणसापेक्षा वेगळी असते. आपला साबण तिला कोरडा पडतो. दुसऱ्या दिवशी अंगावर कोंडा दिसला. आकडा ८ वरच.

१७ जून

ही सगळ्यात वाईट चूक. खोबरेल तेलात कापूर विरघळवून पोटाला लावलं. आमच्याकडे खाजेवर हेच लावतात, म्हणून शंकाही आली नाही. पिठीने ते चाटलं. अर्ध्या तासात तोंडातून लाळेच्या तारा, मग दोन उलट्या. जवळच्या दवाखान्यात फोन केला तेव्हा कळलं की कापूर कुत्र्यांना विषारी असतो आणि जास्त पोटात गेला तर झटकेही येऊ शकतात. लगेच कोमट पाण्याने आणि शाम्पूने तेल काढलं, रात्रभर तिच्याजवळ बसले. सकाळपर्यंत ती ठीक झाली.

जे कातडीला लावू ते कुत्रं चाटणारच. टी ट्री तेलाची छोटी बाटलीही घरात आणून ठेवली होती. ते तेलसुद्धा कुत्र्यांना घातक, म्हणून आजच टाकून दिली.

२२ जून

घराजवळच्या डॉक्टरांनी पिठीला टेबलावर घेतलं, पोट बघितलं, म्हणाले ॲलर्जी आहे, आणि इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत बाहेर. ₹६००.

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली. रात्री घुंगरू एकदाही वाजलं नाही. मी अक्षरशः रडले.

२ जुलै

आकडा दहा दिवस असा गेला: २, १, १, १, २, २, ३, ५, ७, ८. मधल्या दिवसांत पिठी पाण्याच्या वाटीला चिकटून होती आणि घरात तीनदा शू केली. जी कुत्री वर्षाची असल्यापासून कधी घरात शू करत नाही, तिने. आम्ही तिला रागावलो, त्याचं आज वाईट वाटतं. काल पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा ₹६००. आज कागद नीट वाचला तेव्हा कळलं की ते स्टेरॉइड आहे. तहान, भूक आणि शू वाढणं हा त्याचाच परिणाम.

स्टेरॉइड वाईटच, असं मी म्हणत नाही. खाज फार पेटली तर थोड्या दिवसांसाठी चांगले डॉक्टरही देतात. पण काय देताय, का देताय आणि कशामुळे खाज आहे, हे तीन प्रश्न मी विचारायला हवे होते. एकही विचारला नाही. एक महिना गेला आणि कारण तिथेच.

९ जुलै

दुसऱ्या इंजेक्शनचा असर आठ दिवसही टिकला नाही. आता नवीन गोष्ट: वास. ओल्या गोणपाटात काही आंबलं की येतो तसा, कानातून आणि बोटांच्या फटींतून. पोटाची कातडी काळपट आणि जाड होत चालली आहे.

दुकानातून खाजेचा स्प्रे आणि पिसवांची पावडर आणली, दोन्ही मिळून ₹८५०. स्प्रे लावल्यावर ती सोफ्याखाली जाऊन बसली, बहुतेक झोंबला. पावडर मी दाराबाहेरच्या पायपुसण्यावरही टाकली. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: पर्मेथ्रिन. हे कीटकनाशक मांजरांसाठी जीवघेणं आहे, आणि आमच्या जिन्यातली मांजर त्याच पायपुसण्यावर झोपते. धावत जाऊन ते उचललं, धुतलं, फरशी दोनदा पुसली. मांजर संध्याकाळी धडधाकट दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

१५ जुलै

कातडीचं खास बघणाऱ्या डॉक्टरांकडे परळला गेलो, बैलघोडा हॉस्पिटलजवळ. जाऊन-येऊन गाडीचे ₹१,८००. सासूबाई सोबत होत्या.

पहिली वीस मिनिटं डॉक्टरांनी पिठीला हातही लावला नाही, नुसते प्रश्न. खाज आधी सुरू झाली की लाली आधी? वर्षभर असते की पावसात वाढते? घरात कुणाला खाज आहे का? काय खाते, अगदी चुकूनमाकून मिळणारं काय? झटके कधी आले होते का? मी वही पुढे केली. रोजचे आकडे बघून डॉक्टर खूश झाल्या आणि म्हणाल्या, निम्मं काम झालं.

पिसवा आहेत का, यावर मी ठामपणे नाही म्हटलं होतं. त्यांनी उवांच्या फणीसारखी बारीक फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले आणि थांबायला सांगितलं. कणांभोवती तांबडी वर्तुळं उमटली. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिठीचंच पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही, कारण पिठी त्या चाटून गिळत होती. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला दोन-चार चावेही पुरतात.

मग कातडी ब्लेडच्या बोथट कडेने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली: खरजेचे किडे दिसले नाहीत. पोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती बघितली: यीस्ट (एक बुरशी) भरपूर, शिवाय गोल जिवाणू. कानातही यीस्ट.

त्यांनी कागदावर तीन गोल काढले, एकात एक. बाहेरचा पिसवांचा, मधला यीस्ट आणि जिवाणूंचा, आतल्या गोलात प्रश्नचिन्ह. म्हणाल्या, बाहेरून आत जायचं आणि एका वेळी एकच गोल. आधीच्या दीड महिन्यात मी नेमकं उलटं केलं होतं. पाला, साबण, तेल, स्प्रे, पावडर सगळं एकावर एक, त्यामुळे कशाने काय झालं हे सांगताच आलं नसतं.

मिळालेली औषधं: पिसवा मारणाऱ्या फ्लुरालानरची एक गोळी, जिचा असर १२ आठवडे राहतो (₹१,९५०). खरवडण्यात सुटून गेलेले खरजेचे किडे असले तरी त्यांनाही ती चालते. झटक्यांचा प्रश्न याच गोळीसाठी होता, असा इतिहास असेल तर ती जपून देतात. जिवाणू आणि यीस्ट मारणारा, क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा (२०० मिलिलिटर ₹६४०), आणि कानात टाकायचे थेंब. कानात इअरबड घालायची नाही, मळ आत ढकलला जातो.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिसवा होत्या म्हणजे माझी गोधडी गेली आता." पिठी ज्यावर झोपते ती गोधडी त्यांनी स्वतःच्या जुन्या साड्यांची शिवली आहे. मला त्याचं उत्तर सुचलं नाही.

१६ ते २० जुलै

पाच दिवस घर. पिसू कुत्र्यावर राहते, पण अंडी घरंगळून खाली पडतात. डोळ्यांना दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या विसाव्या भागाएवढ्याच, बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोश, गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत. कोश कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत आणि काही महिने तसेच पडून राहू शकतात. म्हणून रोज व्हॅक्यूम, सोफ्याच्या आतून आणि पलंगाखालून, आणि धूळ लगेच पिशवीत बांधून बाहेर. सगळी कापडं ६० अंशावर. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी उकळत्या पाण्याची बादली वापरली तरी चालेल.

गोधडी टाकली नाही. गरम पाण्यात दोनदा धुतली, पण ऊन कुठे आहे? चार दिवस पंख्याखाली वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून माळ्यावर ठेवली. पिठीला आता दोन जुन्या पातळ चादरी, आलटून पालटून, धुवायला आणि वाळायला सोप्या.

केस कापायचं यंत्र ₹१,९०० ला घेतलं आणि अंगभर अर्ध्या इंचावर आणलं. सगळ्यांना वाईट वाटलं, पण केसांखाली जे दिसलं त्याने माझी खात्री पटली. कोंडा, चट्टे, पुटकुळ्या. लांब केसांत हे कधीच दिसलं नसतं आणि औषध कातडीपर्यंत पोचलंही नसतं. यंत्राचं पातं तापतं, दर पाच मिनिटांनी हाताला लावून बघा. मी बघितलं नाही आणि मांडीवर छोटासा भाजल्याचा डाग पडला.

२१ जुलै

शाम्पू अंगावर १० मिनिटं राहायला हवा. पिठी दोन मिनिटांत घसरायला लागली, फेस उडवला, मी भराभर धुवून टाकलं. म्हणजे आंघोळ फुकट.

२५ जुलै

जमलं. टबात रबरी चटई घातली, ती घसरत होती म्हणूनच घाबरत होती. फेस आधी पंजे, काखा आणि पोटाला, कारण जास्त त्रास तिथेच आणि दहा मिनिटं पूर्ण मिळतात तीही तिथेच. मोबाइलवर घड्याळ लावलं. त्या वेळात मुलगी तिच्यासमोर बसून तिला गोष्ट सांगते. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पिठी तिच्या आवाजाने खरंच स्थिर उभी राहते.

वाळवण्यात दुसरी चूक. ड्रायर गरम वाऱ्यावर लावला, पोट लालबुंद झालं. आता मऊ पंच्याने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि मग ड्रायर थंड वाऱ्यावर. बोटांच्या फटी आणि काखा हाताने तपासायच्या.

पोट खाजवू नये म्हणून मुलीचं जुनं झबलं घातलं, छान बसलं. पंजांना मोजे घातले तो प्रयोग मात्र फसला. चाटून मोजे ओले झाले आणि आत यीस्टला ऊबच मिळाली. एका दिवसात काढले.

४ ऑगस्ट

आकडे: २५ जुलैला ७, मग ७, ६, ६, ५, ६, ५, आज ५. वास जवळजवळ गेला. शेपटीच्या मुळाशी नवे केस येताहेत. मध्ये ३० तारखेला फणीत एक जिवंत पिसू मिळाली आणि मी घाबरले. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, जुन्या कोशांतून बाहेर पडणाऱ्या पिसवा अजून काही आठवडे दिसतील. पिठीला चावल्या की मरतील. साफसफाई थांबवू नका.

१२ ऑगस्ट

परळला दुसरी खेप. चिकटपट्टीवर यीस्ट अगदी तुरळक, जिवाणू नाहीत. दोन गोल पुसले, तरी आकडा ५ वर अडलेला. आता आतला गोल: अन्न की हवेतली ॲलर्जी. रक्ताच्या तपासणीने अन्नाची ॲलर्जी सांगता येते का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खात्री फक्त एकाच मार्गाने होते: आठ आठवडे एकच अन्न, दुसरा कणही नाही.

पिठी आजवर काय खायची: चिकन-भात, अंडं, दूध, पोळी, बिस्किट. कुत्र्यांमध्ये बीफ, दूध-दुभतं, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी जास्त सापडते. म्हणजे बीफ सोडून सगळंच रोज पोटात. नवीन मांस शोधण्यापेक्षा ज्यातली प्रथिनं तोडून बारीक केलेली असतात ते हायड्रोलाइज्ड खाद्य घ्यायचं ठरलं. २ किलोची पिशवी ₹२,४५०, रोज साधारण ९५ ग्रॅम. महागडं आहे. पाच दिवसांत जुन्या अन्नात मिसळत मिसळत बदललं.

२९ ऑगस्ट

आकडा ५, ५, ४, ५, ५. काहीच हलत नाही. वजनही ६.२ वरून ६.३. मोजून ९५ ग्रॅम खाणाऱ्या कुत्रीचं वजन वाढतं कसं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई वाटीत ताकात कालवलेली पोळी घेऊन खाली बसल्या होत्या आणि पिठी त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून वाट बघत होती. सतरा दिवस रोज. त्या म्हणाल्या, "ते गोळ्यांसारखं कोरडं खाणं बघवत नाही गं. एवढीशी तर देते."

मला राग आला होता, पण चूक माझी होती. आठ आठवड्यांचा नियम मी नवऱ्याला समजावला, मुलीला समजावला, भिंतीवर कागद चिकटवला. ज्या माणसाजवळ पिठी दिवसभर असते त्यांच्याशी मात्र बसून बोलले नाही. रात्री वही त्यांच्यासमोर उघडली, जूनपासूनचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. मग म्हणाल्या, "उद्यापासून तिचं खाणं मी देते. मोजून."

७ ते १२ सप्टेंबर

गणपती पाच दिवसांचे. सासूबाईंनी पिठीच्या गळ्यात कागद अडकवला, "मला काही देऊ नका, औषध चालू आहे". आलेल्या प्रत्येकाला त्या दारातच सांगत होत्या. तरी ९ तारखेला एका छोट्या पाहुण्याने तिला अर्धा पेढा दिला. त्याला वाचता येत नव्हतं. १० ला आकडा ६, कान लाल. ११ ला ६. १२ ला ५.

अर्ध्या पेढ्याने एवढं? डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, योगायोग असू शकतो, पण लिहून ठेवा आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. उद्यापासून दिवस १. एक महिना आणि जवळजवळ ₹३,७०० चं खाद्य वाया गेलं.

७ ऑक्टोबर

दिवस २५. आकडा ४, कधी ३. शी दिवसातून चारदा व्हायची ती दोनदा, घट्ट. हे लक्षण मी आधी टिपलंच नव्हतं, कारण चारदा हेच तिचं नेहमीचं समजत होते.

आज पिसवांच्या गोळीचे १२ आठवडे पूर्ण. दुसरी गोळी देणार इतक्यात सासूबाईंनी विचारलं, "याला मांसाचा वास कसा येतो?" बरोबर होतं. चघळायच्या गोळ्यांना चव लावलेली असते, जंताच्या गोळ्यांनाही असू शकते. परीक्षेच्या मध्यावर तीच घातली असती. त्याऐवजी मानेवर टाकायचं महिन्याचं औषध आणलं (₹६५०). त्याला एक पथ्य: टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. शाम्पू तोवर आठवड्यातून एकदाच झाला होता, त्यामुळे जमलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. माळे उतरवले, गाद्या झटकल्या. पिठी त्याच खोलीत होती. रात्री आकडा ६, पुढचे तीन दिवस ५-६, मग परत ३. खाण्यात काहीच बदल नव्हता. हे डॉक्टरांना कळवलं. त्या म्हणाल्या, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचीही ॲलर्जी दिसते आहे, या नोंदीला खूण करून ठेवा.

८ नोव्हेंबर

आठ आठवडे पूर्ण. आकडा ३. कान स्वच्छ.

९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर

जुनं खाणं एकेक करून परत देऊन बघायचं, ही पायरी बरेच जण गाळतात. मीही गाळणार होते, कुत्रं बरं असताना मुद्दाम कशाला छळायचं? पण याशिवाय नक्की काय टाळायचं ते कळत नाही आणि ₹२,४५० ची पिशवी जन्मभर आणावी लागते. मूळ खाद्य चालू ठेवून एका वेळी एकच जुनी गोष्ट, जास्तीत जास्त दोन आठवडे.

चिकन, नुसतं उकडलेलं: ९ ते २२ नोव्हेंबर. आकडा ३, ३, २, ३. काही नाही. सहा महिने मी चिकनवर संशय घेत होते.

दूध, रोज दोन चमचे: २३ नोव्हेंबरपासून. तिसऱ्या दिवशी आकडा ६, कान लाल, शी पातळ. लगेच बंद. ३ डिसेंबरला परत ३ वर. पेढा योगायोग नव्हता.

गव्हाची पोळी, तूप न लावता, ताकाशिवाय: ८ डिसेंबरपासून. हिची चाचणी सासूबाईंनी स्वतः घेतली, वहीतले त्या दिवसांचे आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत. ३, ३, ३, २, ३. चौदा दिवस झाले तेव्हा पोळी निर्दोष ठरली आणि ताकच दोषी. तेव्हापासून संध्याकाळची पाव पोळी परत सुरू आहे, कोरडी, कुस्करून, त्याच वाटीत.

१६ डिसेंबर

(पोळीची चाचणी चालू असतानाची खेप.) दूध-दुभतं कायमचं बंद. उरलेला ३ चा आकडा बहुतेक पंजांचा, आणि तो धुळीच्या ॲलर्जीचा. ही बरी होत नाही, सांभाळावी लागते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हिवाळ्यात ३ वर औषध देण्याची गरज नाही. पावसाळ्यात वाढली तर ओक्लासिटिनिब ही खाज कमी करणारी गोळी. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात, व्हॅक्यूम करताना पिठी दुसऱ्या खोलीत, फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवून फटी कोरड्या करायच्या.

१४ जून २०२५

पाऊस लवकर आला यंदा. दमट हवा, आठवडाभर आकडा चढता: ४, ४, ५, ५, ६. आधी फणी फिरवली, पिसवा नाहीत. कानाचा वास घेतला, नाही. पण डॉक्टरांकडे चिकटपट्टीची तपासणी करूनच औषध घेतलं, कारण संसर्ग असताना हे औषध द्यायचं नसतं. ओक्लासिटिनिब ३.६ मिलिग्रॅमची एक गोळी, १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून एकदा. एक गोळी ₹९५. हे एका वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत.

पहिल्याच रात्री आकडा ३, तिसऱ्या दिवशी १. गेल्या वर्षीच्या इंजेक्शनसारखाच झपाटा, म्हणून मी आधी धास्तावले. तहान वाढते का म्हणून पाण्याची वाटी मापून भरत होते. वाढली नाही.

२८ जुलै

१४ दिवसांच्या २८ गोळ्या आणि पुढचे ३० दिवस रोज एक, मिळून ५८, ₹५,५१०. आकडा १ किंवा २. डॉक्टर म्हणाल्या, आता एक दिवसाआड देऊन बघू, पाऊस संपला की बंद करायचा प्रयत्न करू.

सगळा हिशेब आज मांडला: ₹४२,७६०. त्यात हायड्रोलाइज्ड खाद्याच्या सहा पिशव्या ₹१४,७००, परळच्या चार खेपांची गाडी ₹७,२००, डॉक्टर आणि तपासण्या ₹४,६००, शाम्पूच्या चार बाटल्या ₹२,५६०, मानेवरचं औषध तीनदा ₹१,९५०. पाला-साबण-तेल, पावडर, स्प्रे आणि ती दोन इंजेक्शनं मिळून ₹२,३९०, म्हणजे पैशांनी स्वस्त आणि पिठीला सगळ्यात महाग. पहिल्याच महिन्यात फणी, ओला कापूस आणि चिकटपट्टी झाली असती तर निदान पाच आठवडे वाचले असते.

गोधडी मार्चच्या कडक उन्हात चार दिवस वाळवून खाली आली. आता ती सासूबाईंच्या पायांवर असते, आणि दुपारी पिठीची चादर तिच्यावर पसरलेली.